खालांनी सोडवलेल्या गोष्टी

माझ्या गोष्टींचं कौतुक करताना लोक एक वाक्य हमखास म्हणतात: पेच अवघड आणि उत्तर साधं, ही बाईंची खासियत. हे ऐकलं की मी मान खाली घालते आणि लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला डोंबलाचा! मला लाज वाटते. कशाची, ते आज एकदाचं लिहून टाकते.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत मी नऊ वर्षं काढली. आजूबाजूला सळयांचे कारखाने, मधे आमची पत्र्याची लांबलचक शेड. माझं काम उगवण तपासायचं. प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते लिहायचं. म्हणायला प्रयोगशाळा, प्रत्यक्षात वेचणीच्या हॉलच्या टोकाला काच लावून केलेली खोली. हॉलमध्ये एका लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस बायका बसायच्या आणि ताटातलं बी नजरेनं निवडायच्या. फुटका दाणा, डागी दाणा, दुसऱ्या जातीचा दाणा बाजूला. सकाळी टेम्पोत बसून यायच्या, संध्याकाळी टेम्पोत बसून जायच्या.

मोबाईल गेटवर जमा होत. त्यामुळे जेवणानंतरचा तासभर फार वाईट जायचा. भाकरी पोटात, पंख्याची घरघर, समोर एकसारखे पिवळे दाणे. पापण्या आपोआप मिटायच्या. डुलकी लागली की डागी दाणा चांगल्यात जायचा आणि सुपरवायझर खेकसायचा. एकदा टेबलावरचीच एक जण मला म्हणाली, "ताई, तुमी एवढी पुस्तकं वाचता, कायतरी सांगा की. झोप तरी उडंल."

मला कुणी विचारायचीच खोटी होती. तेव्हा मी घरी कुणाला न सांगता वहीत गोष्टी लिहायचे. शापित गावं, मायावी राक्षस, असलं काहीबाही. अंगात लेखिका शिरलेली आणि ऐकायला काळं कुत्रं नाही, अशी अवस्था. मी काचेचं दार उघडं ठेवून, हातानं दाणे मोजत, रोज दुपारी थोडी थोडी गोष्ट सांगायला लागले. डुलक्या थांबल्या म्हणून सुपरवायझरनंही हरकत घेतली नाही.

त्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला खाला बसायच्या. जुन्या जालन्यात राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या. सगळ्याच बायका त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या, म्हणून मीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सळयांच्या कारखान्यात. घरी बोलायचं उर्दू, पण टेबलावर आमच्यासारखीच मराठी. त्या म्हणायच्या, "घरी पोरगा बोलत न्हाई आन् सून त्याच्यापरीस कमी बोलती. मी इथं बोलायला येती बाई. पगार वरतून भेटतो." हे त्या हसत म्हणायच्या, पण ते खरंच होतं. टेम्पोतून उतरल्यापासून त्यांचं तोंड सुरू व्हायचं आणि हात त्याहून जलद चालायचा.

माझी पहिली मोठी गोष्ट एका विहिरीची होती. या विहिरीत कुणी वाकून पाहिलं की ती त्याचं गुपित मोठ्यानं बोलून दाखवायची. त्यामुळे पाणी भरायला कुणी धजत नव्हतं, गाव तहानेनं व्याकूळ. मी आठ दिवसांचा ऐवज बांधून ठेवला होता: एक साधू, सात टेकड्या आणि एक वनस्पती. दुसऱ्या दिवशी नायक घराबाहेर पाऊल ठेवतोय तोच खाला म्हणाल्या, "मोटर बसवा ना."

"काय?"

"मोटर. हिरीत वाकायचं कशाला? वरून बटन दाबायचं, पानी बराबर येतं. ते पोरगं कशाला जीव द्यायला निघून राह्यलं?"

टेबल असं हसलं की दोघींच्या ताटातलं बी सांडलं. गोष्ट तिथंच संपली. साधू, टेकड्या सगळं माझ्यापाशीच राहिलं. मीही हसले, त्या वेळी खरोखरच हसले.

पुढची गोष्ट एका बाईची. तिचा नवरा परगावाहून परतला, आणि त्याच्या मागोमाग तसाच दुसरा नवरा दारात उभा राहिला. तोच चेहरा, तोच आवाज. एक खरा, एक मायावी. ओळखायचा कसा? मी एक मंतरलेला आरसा आणणार होते. खालांनी दाणे निवडता निवडताच निकाल लावला. "दोघांलाबी म्हनायचं, गिरणीतून दळण आना. जो जल्दी उठंल तो भूत. 'जातो की' म्हनून पडून राहील तो आपला."

त्यावर तर बायकांना हसून उचक्या लागल्या. महिनाभर कुणाच्या नवऱ्याचा विषय निघाला की "दळणाला गेला का?" असं विचारणं सुरू झालं. माझा आरसा कुणी पाहिलासुद्धा नाही. या वेळी मी हसले, पण थोडी उशिरा.

आता उघड लिहायला हरकत नाही, मला राग यायला लागला होता. मला वाटायचं, या बाईला कल्पना म्हणून काही कळतच नाही. गोष्टीत मोटर नसते, गोष्टीत गिरणी नसते. आज वाटतं, न कळणारी मी होते. खालांना गोष्टीतली माणसं खरी वाटायची. खरं माणूस अडचणीत सापडलं तर त्याला सात टेकड्या चढायला कोण लावेल? त्याची सुटका ज्यानं लवकर होईल तेच त्या सुचवायच्या. मला मात्र माझी माणसं आठ दिवस तरी अडकून हवी होती.

मग मी माझी लाडकी गोष्ट काढली. वहीत तिची चाळीस पानं झाली होती आणि ती दिवाळी अंकाला पाठवायचं स्वप्न होतं. एका नगरावर असा शाप की दिवस मावळला की आपलं घर कुठलं तेच माणसं विसरतात. आया दुसऱ्याच्याच मुलांना जेवू घालतात, म्हातारे रस्त्यात बसून रडतात. उपाय शोधायला एक मुलगी एका आंधळ्या ज्योतिषाकडे निघते. मी फार जीव ओतून सांगत होते. तिसऱ्या दुपारी ऑफिसातले मोठे साहेब पाहणीसाठी हॉलमध्ये आले आणि ऐकत उभे राहिले. मला हुरूप चढला. आवाज चढवून, हात हलवून मी सांगायला लागले.

खाला म्हणाल्या, "गाय सोडायची."

मी ऐकू न आल्यासारखं केलं.

"अगं, मानसं इसरली, जनावरं तर न्हाई ना इसरली? दिवस मावळला की गाय सोडायची. गाय बराबर आपल्या गोठ्यात जाती. तिच्या मागं मागं जायचं. घर येतं."

ते उत्तर नुसतं मजेदार नव्हतं, सुंदर होतं. मग साहेब मोठ्यानं हसले. "वा! ताईंची अख्खी गोष्ट गाईनं खाल्ली!"

मी हसनाबादची, शेतकऱ्याची पोर. आमच्या घरी दोन गाई होत्या आणि त्या रोज संध्याकाळी न हाकता घरी येत. हे मला जुन्या जालन्याच्या बोळात जन्म काढलेल्या बाईनं सांगावं? ते साहेबांसमोर सांगावं? पुढचे आठ दिवस स्टोअरवाले, ड्रायव्हर, जो तो मला विचारायचा, "ताई, गाईला चारा टाकला का?" मी वरवर हसायचे आणि आतून धुमसायचे.

दर आठवड्याला प्रत्येकीच्या ताटातलं मूठभर बी तपासायचं काम माझ्याकडेच होतं. खालांचं ताट सगळ्यांत स्वच्छ असायचं. त्या आठवड्यातही होतं. मी स्वतः पाहिलं, दोनदा पाहिलं. आणि सुपरवायझरकडे जाऊन म्हणाले, "खालांच्या ताटात डागी दाणे फार निघताहेत. नजर कमी झाली असेल."

एवढंच. एक वाक्य.

तो म्हणाला, "मंग मशीनवर देतो त्यान्ला. तिथं नजरेचं काम न्हाई."

मशीन म्हणजे मागच्या शेडमधली मोठी चाळणी. तिच्या शेजारी ब्लोअर. तिथं एवढा आवाज की माणसं हातवाऱ्यांनी बोलत. बायका कानांवरून ओढणी घट्ट बांधत आणि सुट्टीनंतरही काही वेळ ओरडूनच बोलत. हे मला चांगलं माहीत होतं. पुढे कितीतरी दिवस मी मनाला समजावायचे की मला वाटलं होतं, त्यांना दुसऱ्या टेबलावर बसवतील. ते खोटं आहे. आमच्याकडे दुसरं टेबलच नव्हतं. सुपरवायझरला मी "हं" म्हणाले आणि दाणे मोजायला गेले.

सोमवारपासून खिडकीकडचं टोक रिकामं झालं. बायकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "वरून आलंय." खोटं बोलणाऱ्याला हे 'वरून' फार कामाला येतं.

तीन-चार दिवसांनी खाला काचेच्या दाराशी आल्या. अंगावर भुसा, कानावर ओढणी. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. "बाई, माझ्या ताटात खरंच डागी दाने निघाले? मला दाव ना. मला तर बराबर दिसतंय वाटायचं."

मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. "रिपोर्ट वर गेला, खाला. आता माझ्याकडे नाही."

"मंग असंल बाई," त्या म्हणाल्या. "वय झालं."

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या, नवा चष्मा लावून. रजा टाकून डोळे तपासून घेतले होते. डॉक्टरनं नजर चांगली आहे म्हटलं तरी यांनी हट्टानं चष्मा घेतला होता, कारण एवढी शिकलेली बाई खोटं कशाला सांगेल? माझ्या टेबलावर मक्याचं ताट होतं. त्यांनी उभ्या उभ्या त्यातून चार डागी दाणे वेचून माझ्या तळहातावर ठेवले. "बघ, आता बिलकुल साफ दिसतंय. तेवढं साहेबाला सांग ना, परत टेबलावर बसवा म्हनाव. तिथं मशीनपाशी बोलता येत न्हाई गं. दिवसभर तोंड बंद."

मी म्हणाले, "सांगते."

मी सांगितलं नाही. सुपरवायझरची खुर्ची माझ्या दारापासून वीस पावलांवर होती. 'खालांना परत घ्या, त्यांचं काम चांगलं आहे,' एवढं म्हटलं असतं तर त्यानं मान वर न करता हो म्हटलं असतं. त्याला काय, एक बाई इथं की तिथं. पण मला वाटायचं, तो विचारेल, मग आधी तसं का म्हणालात? हे टाळून त्यांना परत कसं आणावं यासाठी मी काय काय योजना आखल्या! सगळ्यांचे डोळे तपासायचं शिबिर भरवावं. मशीनवर वयाची अट घालणारा अर्ज निनावी टाकावा. दुसऱ्या कुणाला तरी मशीनवर जायची हौस निर्माण करावी. माझ्या गोष्टींत शोभावेत असे उपाय. यातला एकही मी केला नाही, आणि करायचाही नव्हता बहुतेक. दिवस जात राहिले.

माझी नगराची गोष्ट मी पुन्हा काढली आणि ती टेबलावर महिनाभर चालली. कुणीही मधे बोललं नाही. आंधळा ज्योतिषी आला, नक्षत्रं आली, मुलीनं शाप उतरवला. बायकांनी "छान होती हां ताई" म्हटलं. त्या महिन्यात डुलक्या पुन्हा सुरू झाल्या होत्या.

गोष्ट दिवाळी अंकाला पाठवली तर संपादकांनी परत धाडली. शेवट ओढूनताणून आणलाय, असं लिहून. मी दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी चाळीसातली सव्वीस पानं फाडली आणि नगरात गाय सोडली.

ती गोष्ट छापून आली. गाजली म्हणायला हरकत नाही. मग विहिरीवर मोटर बसली, नवऱ्याला दळणाला पाठवलं, पुस्तक झालं. "हे तुम्हाला सुचतं कसं?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, "निरीक्षण." एकदाही जीभ अडखळली नाही. त्या सगळ्या काळात खाला मागच्या शेडमध्ये होत्या. कधी गेटवर भेटल्या की हात हलवायच्या, मी स्कूटीचा वेग वाढवायचे. वर्ष-दीड वर्षानं त्यांनी काम सोडल्याचं कळलं. मी काय करावं? मला हलकं वाटलं.

नोकरी सोडून मलाही आता काही वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात जालन्यातच एका कॉलेजात माझं व्याख्यान होतं. संपल्यावर वेचणीच्या टेबलावरची एक जुनी ओळखीची भेटली; तिची मुलगी त्या कॉलेजात शिकत होती. ती आनंदानं म्हणाली, "ताई, ती गाईची गोष्ट म्हंजे आपल्या खालांची ना?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी "हो हो" म्हणाले. "त्यांचे कान गेले पार," ती म्हणाली. "मशीनवरच जायला लागल्ते. घरी म्हातारपणाचं हाय म्हनतात. जाऊन या एकदा, लई आठवण काढतात तुमची."

त्या रात्री मला झोप आली नाही, असं लिहिलं तर ती माझी जुनी सवय होईल. झोप आली. सकाळी उठले तेव्हा मात्र जायचं ठरलेलं होतं. या वेळी योजना नाही, आडवळण नाही. दोन वाक्यं बोलायची: खाला, तुमच्या ताटात डागी दाणे नव्हते. मी खोटं बोलले. वाटेत स्कूटीवर मी ती दहादा म्हणून पाहिली.

घर एका अरुंद बोळात. दाराशीच सार्वजनिक नळ, पाणी आलेलं, सात-आठ बायका घागरी घेऊन उभ्या. खाला दारातच खाटेवर बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. मला पाहून पटकन उठायला गेल्या आणि माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. सून आतून खुर्ची घेऊन आली.

मी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "खाला, तुमच्या ताटात डागी दाणे नव्हते."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं, हसून मान डोलावली. "हाँ, हाँ." मग हात कानामागे नेला. "जोरात बोल बेटा. कान गेले."

सून म्हणाली, "अम्मी को चिल्लाके बोलना पड़ता, बाजी. हम भी वैसाच बोलते. तुम शरमाओ मत."

नळावरच्या बायका आमच्याकडे पाहत होत्या. पाहुणी आली की बोळात पाहतातच. एकीनं घागर भरल्यावरही उचलली नव्हती. मी तोंड उघडलं. ती दोन वाक्यं ओरडून सांगावी लागणार होती, बोळाच्या टोकापर्यंत ऐकू जातील अशी. व्याख्यानात मागच्या रांगेपर्यंत माझा आवाज माईकशिवाय पोचतो. खाला डोळे माझ्या तोंडावर लावून वाट पाहत होत्या.

"खाला, तब्येत कशी आहे?" मी ओरडले.

त्यांना लगेच ऐकू आलं. चेहरा फुलला. "चांगली हाय की! निस्ती तब्येत इचारायला एवढ्या वर्सांनी कोन येतं बाई!" आणि सुनेकडे वळून, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात त्या म्हणाल्या, "येच वो बाई है. मेरे वास्ते साहब से बोली थी. साहब माना नै, मगर ये बोली थी."

नळावरच्या बायकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. सुनेनं चहा ठेवला. मी तो सगळा प्यायले.